कोऱ्या पानावरची सही

उचगाव,
१४ एप्रिल १९९८

सयाजी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. नमस्कार करावा असं आपल्या दोघांत काही उरलेलं नाही.

चौकशीचा निकाल काल हातात पडला. माझं लायसन पाच वर्षांसाठी बंद. कारण दिलंय की डाव्या पंखाच्या टाकीत पाणी होतं, दसऱ्याच्या सकाळी मेकॅनिकने पेट्रोल तपासलं नाही, आणि तपासल्याची सही मात्र ठोकली. मेकॅनिक प्रसेनजीत कुरणे, म्हणजे मी. तुझ्याबद्दल दोनच ओळी आहेत, पण त्या काय गोड आहेत! वैमानिकाने प्रसंगावधान राखलं, विद्यार्थिनीचा जीव वाचवला. उचगावच्या पुलाजवळ तुझ्या सत्काराचं बॅनर अजून आहे. त्यावर हेच छापलंय. फेटा बांधलेला तू आणि शेजारी तुझे वडील हंबीरराव. साखर कारखान्याचे चेअरमन असून त्यांनी हत्तीवरून साखर वाटायची तेवढी ठेवली.

खरं ते खरं म्हणतो. इंजिन बंद पडल्यानंतरच्या दीड मिनिटात तू एकही चूक केली नाहीस. उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून उठलास, सातशे फुटांवर इंजिन खोकलं आणि थांबलं. खाली ऊस, घरं, हायवे. तू राजाराम तलाव धरलास. आमच्या शेजारच्या शेवंताबाई तेव्हा तलावावर धुणं धूत होत्या. त्या अजून सांगतात, "घारीगत आलं बाई, बदकागत बसलं, आणि मग एकदम उलथलं." उलथलेल्या विमानातून तू तुझ्या विद्यार्थिनीचा, मनालीचा पट्टा सोडवलास, तिला वर आणलंस. तिचा डावा कोपर मोडला, पण पोरगी जगली. दुसरा कुणी असता तर दोघंही गेले असते. माझं भांडण त्या दीड मिनिटाशी नाही, त्याआधीच्या अर्ध्या तासाशी आहे.

त्या सकाळी मी हँगरमध्ये नव्हतो. कुठे होतो ते तुला माहीत आहे. वहीत माझी सही कशी होती, तेही माहीत आहे. इथे लिहीत नाही. पत्र कुणाच्याही हातात पडतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी माझ्या घरी येऊन, माझ्या आईच्या हातची भाकरी मोडत तू काय म्हणालास, ते मात्र लिहितो. "प्रस्या, तू म्हण, मी तपासलं, पाणी न्हवतं. मी म्हणतो, माझ्यादेखत तपासलं. पेट्रोलच्या बॅरलातच काय तरी घोळ असंल म्हणून मिटवू. लई तर सा म्हैनं लायसन जाईल. मी हाय की."

मी आत जाऊन तुझं वाक्य जसंच्या तसं म्हणालो. माझ्यानंतर तू आत गेलास आणि सांगितलंस, "मी उशिरा पोचलो, मला काही माहीत नाही, मी मेकॅनिकच्या सहीवर विश्वास ठेवला." सात वर्षं एका डब्यात जेवलो आपण. मला बाहेर बाकावर बसवून आत तू हे बोललास, बाहेर आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "झालं सगळं बैजवार."

आज जयंती आहे. आमच्या गल्लीतली पोरं दोनदा लेझमाला बोलवून गेली. मी दार लावून बसलोय, कारण बाहेर पडलो की माणसं बाबासाहेबांचं नाव घेऊन मग माझ्याकडे बघतात. आपल्यातला एक विमानापर्यंत पोचला होता आणि त्यानं असं केलं, असं ती नजर म्हणते.

एक दिवस तू पाण्यात असशील आणि मी काठावर. मला पोहता येतं. पण मी उतरणार नाही, एवढं लक्षात ठेव.

प्रसेनजीत


उचगाव,
८ नोव्हेंबर १९९९

सयाजी,

आई गेली. चिमणाबाई. तुला 'सया' म्हणणारी माझी आई. तुला कळवायची गरज नव्हती, पण तू आता मुंबईच्या मोठ्या विमानांचा कॅप्टन झालास, तुला वरून सगळं छोटं दिसत असेल, म्हणून जवळून दाखवतो.

ती दहा वर्षांची असताना, छप्पन साली, बापाचं बोट धरून नागपूरला गेली होती. दीक्षा घेऊन परत आली. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं तिची एकच इच्छा होती की दसऱ्याला एकदा पुन्हा त्या मैदानावर उभं राहायचं. कधी कापणी आडवी आली, कधी बाळंतपण, कधी माझं शिक्षण. सत्त्याण्णव साली मी तिला म्हणालो, यंदा जायचं. मी मेकॅनिक, मी नसलो तर सही नाही आणि सही नाही तर विमान नाही, असा नियम. आणि तुला तर त्याच दसऱ्याला कारखान्याच्या बॉयलर पेटवण्याच्या कार्यक्रमावर विमानातून झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या होत्या. तू हसत म्हणालास, "जा की बिनघोर. म्हातारीला न्हे. हितलं मी बघतो." हितलं तू कसं बघितलंस ते जगानं बघितलं.

नागपूर स्टेशनवर परतीच्या दिवशी मी पेपर उघडला. तलावात विमान. एस.टी.डी. बूथवरून तुला फोन लावला. मला वाटलं होतं तू रडशील. तू एवढंच म्हणालास, "तू नागपुरात न्हवतास. कळलं? तू हितं हुतास."

महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये पूर्ण रस्ता मी आईला हे कसं सांगावं याचा विचार करत होतो. मिरज आल्यावर सांगितलं. "आई, आपण नागपूरला गेलो न्हवतो. कुणी विचारलं तर गडहिंग्लजला मावशीकडं गेलतो म्हण. तिकिटं टाकून दे." तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "चाळीस वर्सांनी गेले, आन् गेले न्हाय म्हणू?" मग खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर म्हणाली, तिकिटं चुलीत घातली. गल्लीतल्या बायका विचारायच्या तेव्हा गडहिंग्लज म्हणायची. आयुष्यात खोटं न बोललेल्या बाईला ते नीट जमायचंही नाही. मावशीच्या घरी काय खाल्लं, असं विचारलं की उठून आत जायची.

शेवटी कावीळ झाली. गेली त्या दुपारी शुद्ध जात-येत होती. शेवंताबाई आणि गल्लीतली चार माणसं उशाशी होती. तिनं डोळे उघडले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "प्रसेन, नागपूरला मी एकटीच गेलते व्हय रं? तू हुतास न्हवं माझ्यासंगं?"

पाच माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "झोप, आई."

तेच शेवटचं. आता कळलं का, मी तुला का सोडणार नाही ते? लायसन गेलं त्याचं एवढं नाही. मी आईला शेवटच्या वेळी हो म्हणू शकलो नाही.

प्रसेनजीत


उचगाव,
३० जून २००३

कॅप्टनसाहेब,

मस्कतचा तुमचा पत्ता तुमच्या आक्काने दिला. साधी बाई आहे. भावाचा जुना मित्र म्हणून मला चहाही पाजला. आधीची दोन पत्रं मिळाली असतील. उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं.

माझी पाच वर्षं एप्रिलमध्ये संपली. लायसन परत मिळालं, पण तलावातल्या मेकॅनिकला कोण उभं करणार? मी हायवेलगत मोटारसायकली दुरुस्त करतो, विहिरीचे पंप खोलतो. तेही बरं चाललंय. पंप पाण्यातच असतो, तो बुडाला म्हणून कुणी चौकशी बसवत नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. संघप्रियाला, माझ्या मुलीला, नववीसाठी शिकवणी लावायला तिला घेऊन राजारामपुरीत गेलो होतो. चौथ्या गल्लीत एका बाईंचे क्लास चांगले आहेत असं कळलं. आत गेलो तर फळ्यापाशी मनाली. उजव्या हाताने लिहीत होती, डावा हात कोपरात वाकलेलाच. तो आता सरळ होत नाही. विमानात ती परत कधी बसली नाही, प्रवासी म्हणूनसुद्धा.

तिनं मुलांना गणितं घालून दिली आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली; संघप्रिया दाराशीच उभी राहिली. म्हणाली, "दादा, एक विचारू का? त्या सकाळी तुम्ही नव्हताच की. मग चौकशीत होतो म्हणून का सांगितलंत?"

मग तीच बोलायला लागली. सयाजी, तू काय समजत होतास? ती पाण्यात सगळं विसरली?

तिनं सांगितलं ते असं. खंडेनवमीला आण्णांनी, आपल्या हँगरच्या रखवालदारांनी, विमान पूजेसाठी पाइप लावून धुतलं. तूच म्हणालास, चकाचक करा, उद्या बाबांच्या कार्यक्रमाला जायचंय. मग पाना, हातोडी, पक्कड, सगळी हत्यारं चौरंगावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. त्यातच पेट्रोल तपासायची काचेची नळीही मांडली. टाकीच्या तळाचं पेट्रोल त्या नळीत काढायचं, उजेडात धरायचं, पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं. एवढीशी वस्तू. दरवर्षी मी ती आठवणीने बाजूला काढून ठेवायचो. मी पूजेला बसत नव्हतो, पण हत्यारं तुमच्या हवाली करताना आण्णांना सांगायचो, "एवढी सोडून बाकी सगळी घ्या." त्या वर्षी सांगायला मी नव्हतो. आणि पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटल्याशिवाय हलवायचं नाही.

मनालीनं सकाळी तुला विचारलं, "सर, नळी?" तू चौरंगाकडे बघितलंस आणि म्हणालास, "पूजेत हाय, हात लावायचा न्हाय. प्रसेनजीतची सही हाय की वहीत. चल, बाबा वाट बघायलेत."

चौकशीवाले दवाखान्यात आले तेव्हा तू तिच्या उशाशीच बसून होतास. तिला कुणी हे विचारलंच नाही, आणि एकोणीस वर्षांची पोर तुझ्यासमोर आपणहून काय बोलणार?

ती आत गेली आणि एक फोटो घेऊन आली. विमानात बसण्याआधी तिच्या वडिलांनी काढलेला. ती हसतेय, हातात झेंडूची टोपली. मागे चौरंग, आणि चौरंगावर पान्याशेजारी ती नळी, कुंकवाचं बोट लावलेली, अगदी स्पष्ट. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख आणि वेळ. उड्डाणाआधी दहा मिनिटं. फोटो मी मागून घेतला.

आता तू विचारशील, मग अजून पेपरात का दिला नाहीस? तू विचारणार नाहीस. तुला उत्तर माहीत आहे, म्हणून तर तू मस्कतमध्ये शांत झोपतोस. पण मी पाच वर्षं जे लिहीत नव्हतो ते आज लिहून टाकतो. सही माझीच आहे. नागपूरला जाण्याआधी मी चार कोऱ्या पानांवर खाली सह्या करून दिल्या. तू मागितल्यास, मी केल्या. त्याआधीही केल्या होत्या, तुझ्यासाठी, लग्नाला जाताना, आजारी असताना. आपली कामाची पद्धतच ती होती आणि आपल्याला ती मैत्री वाटायची. आणखी एक. डाव्या टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर तडकलाय हे मला माहीत होतं. नवा मागवला होता. तुला तोंडी सांगितलं होतं की पंखावर पाणी मारू देऊ नकोस. वहीत मात्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर विमान जागेवर बसलं असतं आणि तुझ्या वडिलांचा कार्यक्रम हुकला असता.

म्हणजे फोटो बाहेर काढला की पहिला मी आत जातो. तू हे ओळखून आहेस.

घरी येताना संघप्रियानं विचारलं, "पप्पा, त्या मॅडम म्हणत हुत्या तुम्ही तिथं न्हवता. मग सही कुणाची?" मी म्हणालो, "सयाजीनं माझी सही मारली." चौदा वर्षांच्या पोरीशी खोटं बोललो. खरं सांगू? लाज नाही वाटली. तुझ्या नावानं थुंकताना तिचा चेहरा बघितला आणि मला फार बरं वाटलं.

प्रसेनजीत


उचगाव,
२ डिसेंबर २००६

सयाजी,

पेपरात वाचलं. तू परत येतोयस. शाहूपुरीत ऑफिस थाटलंस, विमान शिकवण्याची शाळा काढतोयस, 'राजाराम तलावावर थरारक सुटका करणारे कॅप्टन' असं फोटोखाली लिहिलंय. सुरक्षित उड्डाणावर व्याख्यानंही देणार म्हणे. वाचून मी इतका हसलो की गिऱ्हाईक विचारायला लागलं, "काय मामा, लॉटरी लागली काय?"

ये. मी कुठे गेलेलो नाही. फोटो पत्र्याच्या डब्यात आहे, त्याला वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून ठेवलाय.

प्रसेनजीत


उचगाव,
२२ ऑक्टोबर २००७

सयाजी,

तुझं पत्र आलं. साडेनऊ वर्षांत पहिलं. सुरुवातीलाच 'जय भीम' लिहिलंस. सात वर्षं एका डब्यात जेवलो तेव्हा तुझ्या तोंडून तो शब्द आला नव्हता, त्यामुळे काहीतरी काम असणार हे पहिल्याच ओळीत कळलं.

पुढे लिहिलंस की झालं गेलं विसरू, दोघांचंही वय झालं, तुझ्यासारखा हात कोल्हापुरात दुसरा नाही. शाळेचा मुख्य मेकॅनिक म्हणून ये. आणि शेवटी, संघप्रिया बारावी शास्त्र झाली असं आक्काकडून कळलं, तिला पहिल्याच तुकडीत घेतो, स्वतःच्या मुलीसारखी शिकवतो.

पाकीट मी उघडलं नाही. मी पंप खोलायला कणेरीवाडीला गेलो होतो, संघप्रियानं उघडलं. आल्यावर बघतो तर ती उंबऱ्यावर बसलेली. गेलं वर्षभर तिच्या टेबलावर काचेखाली विमानाचं चित्र आहे. विमान चालवायचं हे वेड तिला कुठून लागलं, मी विचारलं नाही. बापाला जिथून हाकललं तिथे जायचंय, एवढंच एकदा म्हणाली होती. पत्र वाचून ती हसत असेल असं मला वाटलं. तिच्या हातात पत्र नव्हतंच, पत्राबरोबर आलेला गठ्ठा होता.

वीस पानं. तपासणी वहीची, छापील, कोरी. खाली प्रत्येकावर पेन्सिलीने छोटी फुली. आणि तुझी चिठ्ठी, 'परवानगीची फाईल अडकली आहे, मागच्या दोन महिन्यांची तपासणी दाखवावी लागते. फुलीवर सह्या करून दे, बाकी इथे भरून घेतो.'

"पप्पा," ती म्हणाली, "ह्यावर काय लिवलेलंच न्हाई. आधी सही करायची?"

मी म्हणालो, "कामाची पद्धत असती तशी."

तिनं एकेक पान उलटून फुल्या बघितल्या. मग तिनं मान वर केली. तुला सांगतो, सयाजी, चौकशीच्या तीन साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. "त्या दसऱ्याला पण असंच झालतं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "त्यांनी सही मारली न्हवती. तुम्ही करून दिल्ती."

मी पाना हातातच धरून उभा होतो. खोटं बोलायला फार वेळ नव्हता आणि ताकदही नव्हती. सगळं सांगितलं. कोरी पानं, वायसर, नळी, तुझा फोन, चौकशी. तिनं शेवटी एकच विचारलं, "मग आज्जी खरंच नागपूरला गेलती?"

"गेलती. माझ्यासंगं."

ती उठून आत गेली. आईची चंची ती गेल्यापासून मी खुंटीवर तशीच ठेवली आहे, तंबाखूच्या वासासकट. संघप्रियानं लहानपणापासून तिच्यात हात घातलाय, सुपारी शोधायला. तिनं चंचीचा आतला कप्पा उलटा केला आणि दोन तिकिटं माझ्या हातावर ठेवली. नागपूर ते कोल्हापूर, बारा ऑक्टोबर सत्त्याण्णव, कुरणे प्रसेनजीत, कुरणे चिमणाबाई, बर्थ शेजारशेजारचे. "मला वाटायचं आज्जीनं कुणाची तरी उचलून ठेवल्यात," ती म्हणाली.

चुलीत घातली म्हणाली होती आई. घातली नव्हती. दोन वर्षं गडहिंग्लज गडहिंग्लज करत राहिली आणि खरं कमरेला बांधून हिंडली.

मी ओटीवर बसून रडलो. पोरीसमोर, शेवंताबाईंसमोर. मग पाणी पिऊन शेवंताबाईंना सांगितलं, "मावशी, आई जाताना तुम्ही हुता. तिनं विचारलंतं ते आठवतंय? मी हुतो तिच्यासंगं. नागपूरलाच गेलतो आम्ही." त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "आम्हास्नी ठावं हुतं रं बाबा. गडहिंग्लजास्नं येताना कुणी निळा झेंडा आणतंय व्हय?"

आता कामाचं बोलतो.

नऊ वर्षं मी तुझा सूड घ्यायचा म्हणून कसं कसं ठरवलं, ते तुला सांगायला हवं. तुझ्या सत्कारात चालत येऊन फोटो वाटायचा, हे एकदा ठरवलं. तुझ्या नव्या विमानाच्या टाकीत पाणी ओतायचं, हेही एकदा मनात आलं, आणि त्या रात्री मला स्वतःचीच किळस आली. प्रत्येक वेळी मार्ग असा शोधत होतो की तू बुडशील आणि मी कोरडा राहीन. तसा मार्ग नाही. तू पाठवलेली वीस पानं बघितल्यावर ते कळलं. ह्या पानांवर सह्या केल्या तर ज्या विमानाची तपासणी कुणीच केलेली नाही त्यात माझी पोरगी बसेल. तू शेजारी बसून म्हणशील, "प्रसेनजीतची सही हाय की, चल."

एकोणीस पानं परत पाठवतो. त्यांवर फुल्या तशाच आहेत, पेन्सिल पुसलेली नाही. तुझं अक्षर आहे, चिठ्ठीची झेरॉक्स मी ठेवली आहे.

विसावं पान मी भरलं. त्याची नक्कल तुला जोडली आहे, मूळ पान आज सकाळी रजिस्टर्ड पोस्टाने दिल्लीला विमान खात्याकडे गेलं. सोबत मनालीनं तिच्या सहीने लिहिलेली दोन पानं, तिचा फोटो, दोन तिकिटं आणि तुझी चिठ्ठी. संघप्रिया माझ्याबरोबर पोस्टात आली होती. तिकिटं पाकिटात टाकण्याआधी तिनं झेरॉक्स काढून घेतली, मोठी करून. ती आता आईच्या फोटोशेजारी लावली आहे. आण्णांचं नाव मी कुठे घातलेलं नाही. पाणी मारा असं तू सांगितलंस, वायसरचं मला माहीत होतं. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला अजूनही वाटतं की पूजेत काहीतरी कमी पडलं.

माझं लायसन आता कायमचं जाईल. कदाचित खटलाही होईल. तुझी शाळा उघडणार नाही आणि तुझ्या फोटोखालची ओळ बदलेल. संघप्रियाला विमान शिकायला दुसरीकडे कुठे तरी, दुसऱ्या कुणाकडे तरी जावं लागेल आणि ते आमच्या ऐपतीचं नाही, हे तिला माहीत आहे. पाकीट चिकटवलं तिनंच.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तू पाण्यात असशील आणि मी काठावर. ते खोटं ठरलं. मी तुझ्याबरोबर आत आहे. पण एक सांगतो, सयाजी, तू बुडतोयस हे बघून मला अजूनही आनंद होतोय. तो मी लपवणार नाही. माफ केलं असं समजून घेऊ नकोस.

विसाव्या पानावर काय आहे ते इथेही लिहितो, म्हणजे नक्कल फाडलीस तरी राहील:

'दिनांक ११ ऑक्टोबर १९९७ रोजी, दसऱ्याच्या सकाळी, मी विमान तपासलेलं नाही. त्या दिवसाच्या पानावरची सही माझी आहे, ती मी तीन दिवस आधी कोऱ्या पानावर केली. डाव्या टाकीचा वायसर तडकल्याचं मला माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही. त्या सकाळी मी हँगरमध्ये नव्हतो. मी माझी आई चिमणाबाई हिच्यासोबत नागपूरला, दीक्षाभूमीवर होतो.'

हे आधी लिहिलं. संघप्रियाला वाचून दाखवलं. तारीख घातली. आणि मग सही केली.

प्रसेनजीत चिमणाबाई कुरणे